माझ्या एकटीची किल्ली

आमच्या घरांत कुलुपें थोडीं आणि किल्ल्या सामाईक. डब्यांतील लाडवांपासून कपाटांतील शालूपर्यंत कोणतीहि वस्तु 'माझी' म्हणण्याची चाल येथें नाहीं. अशा घरांत एक किल्ली मात्र माझ्या एकटीची आहे. ती म्हणजे महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या प्रॉक्सी सर्व्हरचा परवलीचा शब्द.

या किल्लीचें काम थोडें समजावून सांगावयास हवें. संशोधनपर नियतकालिकें आतां बहुधा इंटरनेटवर वाचावीं लागतात. परंतु त्यांचे प्रकाशक वाचकाला ओळखीत नाहींत, संस्थेला ओळखतात. जिनें वर्गणी भरली तिच्या संगणकांचे आंकडी पत्ते त्यांच्याकडे टिपलेले असतात. मागणी त्या पत्त्यावरून आली कीं दार उघडतें. तीच मागणी माझ्या माजघरांतून गेली तर एका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागणारी पाटी पुढें येते. प्रॉक्सी हा येथें ग्रंथालयाचा मुखत्यार. मी त्याला नांव आणि परवलीचा शब्द सांगतें. तो ग्रंथालयाच्या पत्त्यावरून लेख मागवून माझ्या हातीं देतो. मात्र ग्रंथालयाच्या पानावरूनच निघावें लागतें. पत्त्याच्या ओळींत ग्रंथालयाचें नांव दिसूं लागलें कीं समजावें, मुखत्यार बरोबर आहे. ख्रिस झॅगर या अमेरिकन ग्रंथपालानें १९९९ सालीं तयार केलेली 'ईझीप्रॉक्सी' ही या जातीची विशेष प्रसिद्ध योजना.

रात्रीं दहानंतर ओटा आवरून वाचावयास बसणाऱ्या स्त्रीला ही सोय काय वाटते, तें पुरुषमंडळींना सांगून कळेलच असें नाहीं. ग्रंथालयाची वेळ आणि आमची वेळ यांची गांठ कधीं पडली आहे?

अडचण आली ती घरांतूनच. पुतण्या खासगी कंपनींत नोकरीला. "काकू, तेवढा शब्द मला सांगून ठेव," असें तो म्हणाला. मीं नाहीं म्हटलें. जाऊबाईंना तें लागलें. "शब्द सांगितल्यानें काय झिजतो?" शब्द झिजत नाहीं खरा, परंतु करार विद्यार्थी व अध्यापक यांच्यापुरता. शिवाय कोणीं एका रात्रींत शेंकडों लेख उतरवून घेतले तर प्रकाशक मुखत्याराचीच वाट अडवितात, आणि त्याची शिक्षा परीक्षेच्या तोंडावर वसतिगृहांतील मुलींना. दोन दिवस स्वयंपाकघरांत कामापुरतेंच बोलणें झालें.

मामंजींनीं मात्र किल्ली कधींच मागितली नाहीं. ते संस्कृतचे अध्यापक; निवृत्तीबरोबर त्यांचा ग्रंथालयावरील हक्कहि गेला. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें. बातमी वाचून मामंजी आनंदले. परंतु ती योजना सरकारी संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांच्यासाठीं, हें पुढच्या ओळींत होतें. घरीं बसलेल्या पंडिताची गणना कोणत्या संस्थेंत करावयाची?

"तूं वाचशील तेव्हां मोठ्यानें वाच," एवढेंच ते म्हणाले. आमच्या दोघांचे विषय जवळचे, त्यामुळें हें सहज जमतें. गेल्या महिन्यांत एका लेखांत तळटीपेमध्यें त्यांचेंच नांव निघालें. कोणा तरुण संशोधकानें त्यांच्या जुन्या मताचें खंडन केलें होतें. मीं जरा अडखळतच वाचलें. त्यांनीं तें पान पुन्हां वाचावयास लावलें, चष्मा पुसला आणि कागद मागितला. उत्तर लिहावयाचें म्हणतात.