शेवटच्या रांगेसाठी

‘पिंजरा’तल्या संध्याचा अभिनय भडक होता, असं म्हणणं ही आपल्याकडच्या जाणकारांची जुनी खोड. डोळे फार फिरवते, मान फार उडवते. ४ ऑक्टोबर २०२५ला संध्याबाई मुंबईत गेल्या, तेव्हा आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर श्रद्धांजलीच्या फुलांखाली एकानं तेवढ्यातही ते लिहिलंच. मला राग आला तो त्यांच्यासाठी कमी, मामांसाठी जास्त.

मामा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की खडी गंमतीच्या खेळात नाच्या, म्हणजे बाईच्या वेशात नाचणारा गडी, व्हायचे. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवसा बाजार, पाहुणे, आणि रात्री उजाडेपर्यंत दंडार, नाही तर नाटक. खाणीची काळी भुकटी टाचांच्या भेगांत बसते, साबणानं हटत नाही. मामा विटकरीच्या तुकड्यानं टाचा घासत बसायचे. घासून घासून लाल झालेल्या पायांवर मग घुंगरू. लुगडं मामीचं.

‘पिंजरा’ १९७२चा. मामांनी तो तुमसरला टॉकीजमध्ये पाहिला, कितीदा ते मामीच जाणे. तिरोडीच्या गाडीनं जायचे आणि परतायला गाडी नसली की पायी यायचे. बाकीचे श्रीराम लागूंच्या मास्तरांसाठी हळहळत, निळू फुल्यांना शिव्या घालत. मामा फक्त चंद्रकला झालेल्या संध्याची मान बघून आले होते. बोल संपतो तिथं ती मान थांबवत नाही, एक झटका पुढं देते आणि मग डोळे तिच्यामागून येतात. अंगणात कंदील ठेवून ते हे करून दाखवत. “आधी मान, मंग डोरे.”

आता वाटतं, पडद्यावरची ही बाई नाटकाच्या मापानं काम करते, हे मामांनी बरोबर ओळखलं होतं. मूळच्या त्या विजया देशमुख. वडील नाटकात पडद्यामागं, बहीण वत्सला रंगभूमीवर. ‘अमर भूपाळी’साठी व्ही. शांतारामांनी त्यांना निवडलं, १९५१ साली. ‘झनक झनक पायल बाजे’ आला १९५५ला. समोर गोपीकृष्णांसारखा कथकात मुरलेला माणूस आणि या बाईंना रीतसर नाच येत नव्हता. त्यांच्याकडूनच तालीम घेऊन त्यांच्याच शेजारी उभ्या राहिल्या. हे धाडस मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांहून मोठं वाटतं. ‘दो आँखें बारह हाथ’मधली खेळणी विकणारी तर जवळजवळ जत्रेतलीच बाई. मंडईत शेवटची रांग बैलगाड्यांवर बसलेली असते, अंधारात. तिथपर्यंत भुवई पोचत नाही, मान पोचते.

‘नवरंग’ मामांना पुढं कॉलनीतल्या टीव्हीवर सापडला. होळीच्या त्या नाचात संध्या एका बाजूनं बाई, डोक्यामागच्या मुखवट्यानं गडी, गिरकीसरशी पालटणारी. मामा गप्प झाले. जन्मभर गड्यानं बाई व्हायचं आणि पोरांच्या शिट्ट्या सोसायच्या, हे ज्यानं केलं, त्याला त्यात काय दिसलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’ १९७५चा. त्यानंतर संध्याबाई पडद्यावरून बाजूला झाल्या, त्या झाल्याच. वत्सलाबाईंची लेक रंजना ‘चानी’तून पुढं आली, १९८७च्या अपघातानं तिचे पाय गेले, चाकाच्या खुर्चीत बसून तिनं ‘फक्त एकदा’ हे नाटक केलं आणि २००० साली ती गेली. मामांना या घराण्याची खबर असे. “मावशी नाचत नाही आता, भाची उठत नाही,” अपघातानंतर एवढंच म्हणाले होते.

झाडीपट्टीच्या नाटकांत आता बाईचं काम बाईच करते. चांगलंच झालं. पण मामा गेले तेव्हा त्यांना नाच शिकव म्हणणारं गावात कुणी उरलं नव्हतं. खाणीतून मिळणारा पैसा वारसांना मिळाला, मानेचा झटका कुणाच्या नावावर झाला नाही.

संध्याबाईंची बातमी मी फोनवर मामीला सांगितली. तिला नाव लागेना. ‘पिंजरा’तली म्हटल्यावर लागलं, आणि ती एकदम तापली. “थेच का? तिच्यापायी तुह्या मामानं माहा लगनाचा लुगडा फाडलन!”