गिधाड, कासव, माकड आणि आपली खार



या पेजवर भाताच्या, भाजीच्या, बांधाच्या नोंदी असतात. मार्चमध्ये चार दिवस मी शेतात नव्हतो. आम्ही सहा जण कोलशेतहून गाडी काढून म्हसळा, हरिहरेश्वर, वेळास, हर्णै, गुहागर असे समुद्राच्या कडेकडेने फिरून आलो. तुम्ही म्हणाल, फिरण्याचं शेतीच्या पेजवर काय काम? काम आहे. वाचा म्हणजे कळेल.

आधी माणसं सांगतो. मी, माझे दोन भाऊबंद, मासेमारी करणारा एक दोस्त, शाळेतून रिटायर झालेले गुरुजी आणि गाडी चालवायला पुतण्या. आमच्यातल्या चौघांची खाडीला लागून खारजमीन आहे, एकाच बांधाच्या आत. शेजारी टॉवर उभे राहिले, आमचा तुकडा अजून तसाच आहे. गेल्या दिवाळीपासून एक माणूस मागे लागलाय. त्याला डेब्रिजचे डंपर खाली करायला जागा हवी. डंपरमागे पैसे रोख, जमीन तुमचीच राहील म्हणतो. परवानगी कुठली, ते विचारलं की हसतो. घरात या विषयावर रोज भांडण. म्हणून पुतण्या बोलला, "काका, चार दिस भायेर चला सगले. डोकं तरी थंड होईल." तसे निघालो.

पहिला मुक्काम नव्हे, पहिला थांबा म्हसळा तालुक्यातलं चिरगाव. समुद्र इथून दिसत नाही, पण वाट तीच. गुरुजींचा आग्रह होता गिधाडं बघायची. उंच झाडांच्या शेंड्यावर काटक्यांची घरटी, आणि घरट्यात मान आत घेऊन बसलेलं पिल्लू. हे पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड. वर्षाला एकच अंडं घालतं. महाडच्या सीस्केप संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखली. गावाने झाडं तोडली नाहीत, हे मला मोठं वाटलं. सरपणाला आणि लाकडाला किंमत असताना झाड उभं ठेवणं सोपं नसतं.

आपल्या लहानपणी ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे आणि आभाळातून गिधाडं उतरायची. नव्वद सालानंतर ती दिसेनाशी झाली. या जातीची शंभरातली नव्याण्णव गेली. कारण आपल्या गोठ्यातलंच निघालं. सूज आणि दुखण्यावर जनावराला देतात ते डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद केल्या. २०२३ मध्ये असेक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन ही जनावरांसाठी बंद झाली. गिधाडाला न बाधणारं औषध मेलॉक्झिकॅम आहे. डॉक्टर आले की नाव विचारा, एवढंच सांगतो. विचारायला पैसे पडत नाहीत.

तिथून श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला सावित्री नदीच्या मुखाशी गाडीसकट फेरीबोटीवर. पलीकडे वेश्वी उतरलं की रत्नागिरी जिल्हा. बोटीमागे पांढरे कुरव पक्षी नुसते घिरट्या घालत होते. बाणकोटचा किल्ला डावीउजवीकडे करत रस्ता समुद्राला धरून जातो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खोल पाणी, मध्ये एक गाडी जाईल एवढा रस्ता. समोरून एसटी आली तेव्हा आमचा पुतण्या पाव किलोमीटर मागे गेला. मोबाईलला रेंज नाही. एक भाऊबंद खूश, म्हणाला, "बरा झाला, डंपरवाल्याचा फोन नाय येनार."

वेळास मंडणगड तालुक्यातलं. नाना फडणवीसांचं गाव. आता ओळखतात ते कासवांसाठी. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री येऊन अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसं काढून न्यायची, उरली ती कुत्री-कोल्ही उकरायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांची माणसं समुद्र गरुडाची पाहणी करत किनाऱ्याने आली, त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तिथून काम सुरू झालं. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. गावची पोरंच कासवमित्र झाली. पहाटे किनारा चालतात, मादीचा माग बघतात, अंडी काढून कुंपणातल्या जागेत पुरतात.

ही अंडी पुरायची रीत आम्ही तिघा शेतकऱ्यांनी कान देऊन ऐकली. मादी मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, तोंड अरुंद आणि तळ फुगीर, रांजणासारखा. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. कासवमित्र तसाच खड्डा हाताने करतात. अंडी लवकरात लवकर हलवायची आणि उलटीपालटी करायची नाहीत. आतला जीव कवचाला चिकटला की अंडं फिरवून चालत नाही. जागा भरतीच्या रेषेच्या वर, पाणी साचलं की अंडी कुजली. वाळूचं तापमान बघतात, कारण वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात.

माझा थोरला भाऊबंद सगळं ऐकून हळूच म्हणाला, "यो त आपले रोपवाटिकेचाच हिशोब हाय रं. खोली, ओल, ऊब. कमी झाला तरी गेला, जास्त झाला तरी गेला." कासवमित्र हसला, म्हणाला, "बरोबर आहे आजोबा. फरक एवढाच की आमचं पीक काढणीला समुद्रात सोडायचं."

संध्याकाळी टोपली उचलली तेव्हा खाली वीस-पंचवीस पिल्लं होती. तळहातावर मावतील एवढी, काळी. दोऱ्यांच्या पलीकडे आम्हा बघ्यांना उभं केलं. पिल्लं पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात, उचलून पाण्यात टाकत नाहीत. ती वाळू चालत जाणं त्यांना गरजेचं, जन्मजागेची ओळख तिथेच बसते असं मानतात. एक पिल्लू उलटं पडलं, पाय हलवत राहिलं. कोणी हात लावला नाही. लाटेने त्याला सरळ केलं आणि पुढच्या लाटेने नेलं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. शंभर शहरी माणसं उभी होती, पण मिनिटभर कोणी बोललं नाही.

आता खरी नोंद. राहिलो ते एका घरी. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, दुसऱ्या दिवशी मोदक. जेवण झाल्यावर मी घरच्या काकींना सरळ विचारलं, कासवांनी पोट भरतं का? त्या म्हणाल्या, "दोन महिने बरे जातात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. बाकी दहा महिने वाडीच." आणि वाडीचं काय झालं ते त्यांनी अंगणातून दाखवलं. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. नारळ आणि सुपारी एका दुपारी आडवी. नारळ काय, सुपारी काय, लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. तेव्हा लावलेली झाडं आता कुठे फळाला येतायत, आणि आली की माकडं. कोवळी शहाळी तोडून टाकतात, सुपारीचे घड ओरबाडतात. रात्री रानडुक्कर. काकी म्हणाल्या, "कासव बघायला लोक पैसे देऊन येतात. माकडाचं कोण देणार?"

हे वाक्य माझ्या मनात बसलं. कासवही रानटी जीव, माकडही रानटी जीव. एकाने गावाला दोन महिने रोजगार दिला, दुसरा बारा महिने गावातून घेऊन जातो. जो जीव सांभाळायचा, त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो आणि मिळकत कोणाच्या हातात येते, हे बघितल्याशिवाय शेतकऱ्याला "निसर्ग वाचवा" सांगू नये. वेळासला जमलं कारण पैसा गावातल्या चुलीपर्यंत पोचला.

पुढे केळशी, आंजर्ले करत हर्णै. मुरुडच्या किनाऱ्यावरून सकाळी होडीने गेलो, तर चार-पाच डॉल्फिन पाठ दाखवत गेले. सगळे मोबाईल काढून उभे, आमचा मासेमारी करणारा दोस्त एकटा बसून होता. म्हणाला, "तुमाला मजा वाटते, हे जाल्यात घुसले की मना इचारा." त्याचं बरोबर आहे. पण त्यालाच मी सांगितलं, आणि इथेही लिहितो, कारण पुष्कळ मच्छीमारांना ठाऊक नाही: जाळ्यात अडकलेलं कासव, डॉल्फिन किंवा देवमासा जाळं कापून जिवंत सोडला, तर राज्याचा वनविभाग जाळ्याची भरपाई देतो, २५ हजार रुपयांपर्यंत. २०१८ अखेरीस ही योजना सुरू झाली. जीव सोडताना फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा. तो जरा नरमला. म्हणाला, मग आपली माणसं सोडतील. बघा, परत हिशेब तोच.

शेवटचा टप्पा दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपावे, आणि गुहागर. इथेही कासवांचं मोठं काम चालतं. २०२२ मध्ये कोकण किनाऱ्यावर पाच कासवांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी २०२५ ला गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. गुरुजी म्हणाले, हिला सातबारा लागत नाही, तरी जागा बरोबर शोधते. सगळे हसले. मग गाडीत बराच वेळ शांतता.

दापोलीच्या रस्त्याने परत येताना शेवटी तो विषय निघालाच. खारीचा.

ज्यांना खार माहीत नाही त्यांच्यासाठी: खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध, त्याला उघाडी. पावसाचं गोडं पाणी मीठ धुऊन उघाडीतून बाहेर जातं, तेव्हा भात होतो. एके काळी राता लावायचो, आता पनवेलच्या खारजमीन केंद्राचे पनवेल १, २, ३ हे वाण आहेत. खारीत एकाचं शेत एकट्याचं नसतं. बांध एक, उघाडी एक. एकाने भराव टाकला की त्याच्या तुकड्यावरचं पाणी शेजाऱ्यावर चढतं, निचऱ्याची वाट बुजते. बांध एका जागी फुटला तर सगळ्यांच्या शेतात मीठ, आणि ते धुवायला पुढचे एक-दोन पावसाळे जातात. म्हणून डंपर कोणाच्याही तुकड्यात खाली झाला तरी तो चौघांच्या शेतात खाली झाल्यासारखा.

आणि त्या बांधाबाहेर तिवरं आहेत, चिंबोऱ्या आहेत, निवट्या आहेत. रात्री कोल्हे ओरडतात. पलीकडे ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव लागलं. आमच्या बाजूला बोर्ड नाही, पण चिखल त्याच खाडीचा.

मी बोललो, वेळासची नक्कल इथे होणार नाही. आपल्याकडे कासव येत नाही आणि टॉवरमधला माणूस आपल्या घरी राहायला येणार नाही. पण तो चिंबोरी विकत घेतो, खारीचा तांदूळ मागतो. थोरल्याने मान हलवली. दुसऱ्याने मान हलवली नाही. त्याच्या पोरीचं लग्न दिवाळीनंतर आहे, आणि तांदळाने लग्न होत नाही, हे त्याने तोंडावर सांगितलं. त्याला खोटं कसं म्हणू? मग ठरलं ते एवढं: यंदाचं पीक होईपर्यंत डंपर कोणीच घ्यायचा नाही. एप्रिलमध्ये चौघांनी मिळून बांधाला माती चढवायची, उघाडीच्या फळ्या बदलायच्या, खर्चात त्याचा वाटा या वर्षी आम्ही तिघांनी भरायचा. तांदूळ एकत्र विकायचा, थेट सोसायट्यांमध्ये. पैसे हातात आल्यावर परत बसायचं.

बांधाचं काम सुरू झालंय. फोटो पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल जा, पण आधी गावात फोन करून घरटी फुटायची वेळ विचारा, पिल्लं रोज निघत नाहीत. फ्लॅश आणि बॅटरी बंद. आणि राहा-जेवा गावातच.

तुमच्याकडून मला हवंय ते हे: खारजमिनीचा तांदूळ थेट विकणारे कोणी आहात का? किलोला भाव काय मिळाला, पॅकिंगला खर्च किती आला? आणि माकडांवर ज्यांचा उपाय दोन हंगाम टिकला, त्यांनी जरूर लिहा. वेळासच्या काकींना कळवायचं कबूल करून आलोय.