दिशांची नावे

निजामी अमदानीतील आमच्या शेताचे खरेदीखत उर्दूत आहे, आणि त्यातील चतुःसीमेच्या ओळीत मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब अशा शब्दांनी शेजाऱ्यांची शेते, ओढा व गाडीवाट नोंदलेली आहेत. घाटनांदूरच्या त्याच शेतात उभे राहून वडील मात्र उगवतीचा बांध, मावळतीचा ओढा असेच म्हणत. मशरिक म्हणजेही सूर्य उगवण्याचे ठिकाण आणि मगरिब म्हणजे मावळण्याचे, हे शाळेतील मौलवीसाहेबांनी उलगडून सांगितले, तेव्हा दफ्तरातील तो परका वाटणारा मजकूर मला एकाएकी घरचा वाटू लागला.

पुढे फ्रेंच शिकताना हेच कुतूहल पुन्हा जागे झाले. नॉर, स्यूद, एस्त, वेस्त हे नित्याच्या वापरातील चारही शब्द मूळचे लॅटिन नव्हेत. ते मध्ययुगात जुन्या इंग्रजीतून फ्रेंचमध्ये आले. लॅटिनचा वारसा राहिला आहे तो विशेषणांत: ओरियांतालच्या मुळाशी उगवणे आहे, ओक्सिदांतालच्या मुळाशी खाली जाणे, मावळणे. परंतु मला खरी भुरळ घातली ती सेप्तांत्रिओनाल, म्हणजे उत्तरेकडचा, या शब्दाने. कारण आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्या ताऱ्यांना रोमन लोक नांगराचे सात बैल म्हणत, आणि त्या बैलांवरूनच उत्तरेस हे नाव पडले. आमच्याकडे, उन्हाळ्यात खळ्यावर निजलेली वडीलधारी मंडळी त्याच ताऱ्यांत चार खुरांचे खाटले आणि ते पळवणारे तीन चोर दाखवीत. काळ्या रानात एकेका नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपणाऱ्या बालाघाटच्या कुणब्याने आकाशात खाटले पाहावे आणि बैल रोमच्या शेतकऱ्याला दिसावेत, याचे मला अद्याप नवल वाटते.

मेरिदिओनाल, म्हणजे दक्षिणेकडचा, याच्या मुळाशी मध्यान्ह आहे. रोमला बारा महिने मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेसच असतो, म्हणून तेथे मध्यान्ह हीच दिशा झाली. घाटनांदूर कर्कवृत्ताच्या खाली असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथे भर दुपारचा सूर्य माथ्यावरून उत्तरेस कललेला असतो, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत बांधावरच्या निंबाची दुपारची सावली दक्षिणेस पडते. तो शब्द या रानात घडलाच नसता. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे आणि उजव्या हाताच्या दिशेस दक्षिण म्हणावे, ही संस्कृताची खूण रोमलाही लागू पडते आणि घाटनांदूरलाही, म्हणून मी तीच अधिक भरवशाची मानतो.