धर्मगुरूची इतिहासदृष्टी : फादर हेरास

त्र्यंबकेश्वरात राहणाऱ्यांना पौरोहित्य आणि इतिहास यांची सोबत नवी नाही. येथील तीर्थोपाध्यायांच्या घरी बासनात बांधलेल्या नामावळ्या असतात. यजमान आला की त्याचे गाव, आडनाव, गोत्र, वडील-आजोबा आणि बरोबरची मंडळी यांची नोंद होते. पुष्कळदा खाली त्याच्याच हातची सही असते. पुण्य यजमानाचे, दक्षिणा उपाध्यायांची. परंतु शंभर वर्षांनंतर ती नोंद तिसऱ्याच्याच कामी येते. कोणते घराणे कोठून कोठे गेले, हे ती सांगते. लिहिणाऱ्याला मात्र आपण इतिहासाचे साधन निर्माण करीत आहोत याची जाणीव असतेच असे नाही.

ती जाणीव पुरेपूर असलेला एक धर्मगुरू मुंबईत होऊन गेला. फादर हेन्री हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी बार्सिलोनात झाला. हे येशूसंघीय पाद्री १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहासाचे अध्यापक म्हणून आले. कोणता इतिहास शिकवणार, असे प्राचार्यांनी विचारताच त्यांनी भारताचा असे सांगितले. त्याची माहिती किती, या प्रश्नाला मात्र काहीच नाही, अभ्यास करीन, असे उत्तर दिले, अशी आख्यायिका सांगतात. पुढील कार्य पाहता ती खरी वाटावी. १९२६ साली त्यांनी भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. १९२७ साली विजयनगरच्या आरवीडू घराण्यावरील त्यांचा ग्रंथ आला. जॉर्ज मोराईस या त्यांच्या विद्यार्थ्याचा कदंब घराण्यावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. गोवा आणि कर्नाटक यांच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाला त्याची दखल आजही घ्यावी लागते.

धर्मगुरूने लिहिलेला इतिहास कितपत विश्वासार्ह मानावा, हा प्रश्न येथे उभा राहतो. १९३३ साली हेरास यांनी भारतातील येशूसंघीयांच्या धर्मांतरविषयक धोरणावर पुस्तक लिहिले. लेखक त्याच संघाचा असल्याने वाचकाने ते अधिक सावधपणे वाचावे, हे उघड आहे. परंतु त्यांच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप येथून येत नाही. तो येतो सिंधू लिपीच्या बाबतीत, जेथे त्यांच्या धर्माचा काहीही संबंध नव्हता. ती भाषा आद्य-द्राविडी आहे असे धरून त्यांनी असंख्य मुद्रा वाचून दाखविल्या. १९५३ साली या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही, आणि लिपी अद्यापही निर्विवादपणे उलगडलेली नाही. म्हणजे घोटाळा श्रद्धेने केला नाही. सगळ्याच प्रश्नांना उत्तर हवे, या विद्वानाच्या घाईने केला.

तरीही त्या पडलेल्या इमारतीतील एक चिरा टिकून राहिला. द्राविडी भाषांत ‘मीन’ हा शब्द मासा आणि तारा या दोन्हींना लागतो. म्हणून माशाचे चिन्ह ताऱ्यासाठीही असावे, ही हेरास यांची कल्पना फिनलंडचे आस्को पारपोला यांनी पुढे नेली. १४ डिसेंबर १९५५ रोजी हेरास वारले. त्यांच्या संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. तिच्यात त्यांनी जमविलेले ग्रंथ आणि नाणी दुसऱ्यांच्या अभ्यासासाठी खुली राहिली. आपले निष्कर्ष खोडून काढण्याची सामग्रीही माणूस मागे ठेवून जातो, तेव्हाच तो इतिहासकार ठरतो, असे मला वाटते.

म्हणूनच आमच्या गावच्या नामावळ्यांची काळजी वाटते. त्या उपाध्याय घराण्यांची उपजीविका आहेत; परक्याला त्या सहज दाखवाव्यात, ही अपेक्षा अन्यायाची होईल. पण त्र्यंबकचा पाऊस आणि वाळवी हक्क विचारीत नाहीत, आणि मोडी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. या घरांतील मुले आमच्या वर्गात बसतात. त्यांना मोडी शिकवावी, आणि घरच्या वह्यांची नक्कल त्यांनीच करून ती घरातच ठेवावी. मालकी घराण्याकडे राहील आणि मजकूरही वाचेल. मराठीच्या अध्यापकाला एवढे काम करता येण्याजोगे आहे.