एकूणची ओळ

परवा नात वालूरला आली होती. सकाळी गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या आपल्या बारवेचे फोटो काढून झाले आणि दुपारी बाईसाहेब ओसरीवर लॅपटॉप उघडून बसल्या. औषधांच्या चाचण्यांचे तक्ते 'सॅस' नावाच्या भाषेत तयार करणं हे तिचं काम. मी विचारलं, "कुठं अडलीस गं?" तर म्हणे, "आबा, शेवटच्या एकूणच्या ओळीत."

मला हसूच आलं. माझी सगळी नोकरी ती ओळ भरण्यात गेली! पण लगेच एक जुनी गोष्ट आठवली आणि हसू मावळलं.

दिवाळीनंतरचा हजेरीचा अहवाल होता. पाचवीत 80 पैकी 48 हजर, म्हणजे 60 टक्के. सातवीत 20 पैकी 18, म्हणजे 90 टक्के. दोन्हींची सरासरी काढून मी खाली 75 लिहिलं आणि कागद पाठवून दिला. खरं तर 100 पैकी 66 मुलंच हजर होती. गैरहजर 34, त्यातली बहुतेक आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. कागदावर मात्र 25. नऊ मुलं माझ्या एका ओळीत हरवली. पंच्याहत्तर टक्के बघून वरून कुणी काही विचारलं नाही.

नातीला हे सांगितलं, तर तिनं माझेच आकडे टाकून पाहिले. सॅसच्या 'प्रॉक रिपोर्ट'मध्ये वेगळं काही सांगितलं नाही, तर आकड्यांच्या रकान्याची सरळ बेरीज होते. टक्क्यांचा रकाना आयता दिला, तर खाली चक्क 150 आले! सरासरी काढायला सांगितली, तर माझेच 75. मग तिनं टक्के न देता 'हजर भागिले पट' हे सूत्र दिलं. तेच सूत्र एकूणच्या ओळीत दोन्ही बेरजांवर चाललं आणि 66 आले.

तिची अडचण आणखी निराळी. एकाच रुग्णाला डोकेदुखी आणि मळमळ दोन्ही झाली, तर तो दोन ओळींत येतो, पण एकूणमध्ये माणूस एकच धरायचा. तिथं बेरीजही चालत नाही, माणसंच मोजावी लागतात.

जनगणनेचंही तसंच. 2011 साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ग्रामीण भागात 952, शहरी भागात 903. सरासरी नऊशे साडेसत्तावीस येते, पण राज्याचा आकडा 929 आहे, कारण खेड्यांत माणसं जास्त.

असो. तुमच्यापैकी कुणी अजून अहवाल भरत असेल, तर खालची ओळ लिहिण्याआधी वरची माणसं एकदा मोजा. मी मोजली नव्हती.