घरट्यात पाच अंडी

हिवाळ्यात मांडव्याच्या बोटीमागे गाठी-शेवेच्या आशेने घिरट्या घालणारे पांढरे-राखाडी पक्षी म्हणजे कुरव. कुरवाची मादी एका विणीत साधारण तीन अंडी घालते. म्हणूनच १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा बेटावर काही घरट्यांत पाच-पाच, सहा-सहा अंडी दिसली तेव्हा जॉर्ज आणि मॉली हंट हे संशोधक दांपत्य बुचकळ्यात पडले. नीट पाहिल्यावर उलगडा झाला. त्या घरट्यांतल्या जोड्या नर-मादीच्या नव्हत्या, दोन्ही माद्याच होत्या. नर कमी का पडले असावेत हे शोधायला पुढे मायकेल फ्राय यांनी कुरवाच्या अंड्यांत डीडीटी टोचून पाहिले. दूषित किनाऱ्यांवरच्या अंड्यांत आधीच सापडले होते, तेवढ्याच प्रमाणात. नर गर्भांच्या शरीरात मादीच्या अवयवांची जडणघडण सुरू झाली. हे १९८१ साली छापून आले.

छापून आले आणि पक्षितज्ज्ञांच्या कपाटात राहिले. कर्करोगावर काम करणाऱ्यांना कुरवांशी काय देणेघेणे? ते कपाट उघडले थिओ कोलबर्न यांनी, तेही साठीला टेकल्यावर.

कोलबर्नबाई मूळच्या औषधांच्या दुकानातल्या. जन्म १९२७ चा, न्यू जर्सीतला. रटगर्समधून १९४७ मध्ये फार्मसीची पदवी घेतली, मग नवऱ्याबरोबर औषधांची दुकाने चालवली, चार मुले वाढवली. साठच्या दशकात बिऱ्हाड कोलोराडोत हलले, मेंढ्या पाळल्या. गळ्यात दुर्बीण असायचीच. भोवताली जुन्या खाणी आणि त्यांचे पाणी पोटात घेणाऱ्या नद्या. त्या पाण्यात काय मिसळते आहे याची काळजी करणारे बरेच होते. बाई त्यासाठी पन्नाशीत पुन्हा वर्गात जाऊन बसल्या. नदीतल्या दगडांखालच्या किड्यांच्या अंगात कॅडमियम, मॉलिब्डेनम किती साठते, हा अभ्यासाचा विषय. १९८५ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्राणिशास्त्रातली पीएच.डी. मिळाली. जोडीला पाण्याचे रसायनशास्त्र आणि विषशास्त्रही होते.

दोनच वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या महासरोवरांचा आढावा घेण्याचे काम हाती आले. शोधायचा होता तो कर्करोग. त्या काळी रसायन वाईट म्हणजे गाठ करणारे, एवढेच समीकरण होते. बाईंनी शेकडो शोधनिबंध उपसले, पण कर्करोग म्हणावा तसा हाताला लागेना. मग त्यांनी संगणकावर एक तक्ता मांडला. उभ्या बाजूला प्राणी: बाल्ड ईगल, पाणकावळा, सुरय, कुरव, पाणमांजर, मिंक, कासव, मासे. आडव्या बाजूला तक्रारी: अंड्याचे कवच पातळ, चोच वाकडी, पिल्ले जगत नाहीत, संख्या घटली. सोळा प्राण्यांच्या ओळी भरत गेल्या आणि दोन गोष्टी वर आल्या. सगळे मासे खाणारे होते. आणि भोगत होती ती आईबापांपेक्षा पिल्ले.

इथे मला त्यांच्यातली फार्मासिस्ट दिसते. गर्भनिरोधक गोळीतले इस्ट्रोजेन मिलिग्रॅमच्या काही शतांशांत मोजतात, हे काउंटरमागे उभे राहिलेल्याला सांगावे लागत नाही. बाई दुकान चालवत होत्या त्याच काळात अमेरिकेत गरोदर बायकांना डीईएस नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन सर्रास लिहून दिले जाई. आया धडधाकट राहिल्या. दुर्मीळ कर्करोग झाला तो विशीच्या आसपास पोहोचलेल्या काही लेकींना. हे उघड झाले १९७१ मध्ये. पक्ष्यांचा तक्ता आणि ही औषधाची हकिकत शेजारी ठेवायला दोन्हीकडची जाण लागते.

आणि पक्षी पाहणाऱ्याची नजरही लागते. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे भागातल्या सुरयांचे उदाहरण पाहा. १९८३ मध्ये टिमोथी क्युबियाक आणि सहकाऱ्यांनी तिथली अंडी स्वच्छ अशा पॉयगन सरोवरातल्या घरट्यांत ठेवली आणि पॉयगनची ग्रीन बेमध्ये. दोष अंड्यात की आईबापांत, एवढेच पाहायचे होते. निघाला दोन्हींत. ग्रीन बेची अंडी चांगल्या घरट्यातही कमी उबली. आणि ग्रीन बेचे सुरय धड अंड्यांवर बसतच नव्हते. उठून जायचे, अंडी गार पडायची. प्रयोगशाळेत अंड्याचे पृथक्करण करता येते, पण पक्षी किती वेळा उठला हे घरट्यापाशी बसूनच टिपावे लागते.

आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे मेली तेव्हा निदान कलेवरे तरी हाती होती. महासरोवरांकाठचे पक्षी उडत होते, मासे पकडत होते. वरवर बघणाऱ्याला सगळे ठीकच.

जुलै १९९१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड इथे बाईंनी एकवीस शास्त्रज्ञ एकत्र बसवले. पक्ष्यांवाले, हार्मोनवाले, डॉक्टर. एरवी एकमेकांची नियतकालिके न वाचणारे. हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांना ‘एंडोक्राइन डिसरप्टर’ हे नाव तिथे पडले. १९९६ मध्ये डायॅन डुमानोस्की आणि जॉन पीटरसन मायर्स यांच्यासह लिहिलेले ‘आवर स्टोलन फ्यूचर’ आले, अल गोर यांच्या प्रस्तावनेसह. टीकाही सडकून झाली. पक्ष्यांवरून माणसांवर घेतलेल्या काही उड्या पुराव्याच्या पुढच्या होत्या, असे मलाही वाटते. पण त्याच वर्षी अमेरिकेने कीटकनाशकांची हार्मोनच्या अंगाने तपासणी करणे कायद्यात घातले, ते काही उगाच नाही.

पुढे बाई कोलोराडोतल्या पेओनिया गावी राहिल्या. तोवर त्या भागात नैसर्गिक वायूच्या विहिरी खोदल्या जाऊ लागल्या होत्या. बाईंनी पुन्हा तक्ता काढला. विहिरींसाठी वापरली जाणारी ९४४ उत्पादने, त्यांत ६३२ रसायने. ज्यांची पक्की ओळख पटली अशी ३५३, आणि त्यांतली ३७ टक्के हार्मोनच्या यंत्रणेवर परिणाम करू शकणारी. हा निबंध २०११ चा. त्यानंतर त्यांच्या गटाने एका विहिरीजवळची हवा वर्षभर आठवड्याला एकदा तपासली. विहिरींविरुद्धच्या आंदोलकांचा सगळा रोष फ्रॅकिंगवर, म्हणजे दाबाने द्रव सोडून खडक फोडण्यावर होता. निबंधात मात्र लिहिले गेले की मिथेनखेरीजची हायड्रोकार्बन्स सर्वात जास्त आढळली ती विहीर खोदताना. फ्रॅकिंगच्या वेळी ती वाढली नाहीत. २०१४ च्या डिसेंबरात, सत्त्याऐंशीव्या वर्षी, बाई पेओनियातच वारल्या.