लाईन आणि यादी

टंचाई सगळ्यांवर सारखी येते, असं शिकलेले लोक म्हणतात. मी टंचाई दुकानाच्या आतून पाहिली आहे. ती सारखी येत नाही. ती कोणाच्या घरी जाणार हे गल्ल्यावर बसलेला माणूस ठरवतो.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर बोलले आणि मध्यरात्रीपासून देश २१ दिवसांसाठी बंद झाला. मी डाळ मिलमधला कामगार. तेव्हा वय बावीस. शाळा नववीपर्यंत, पुढचं शिक्षण रद्दीतल्या पुस्तकांवर. डाळ मिल बंद करा असं कोणी सांगितलं नव्हतं. पण कळमन्याहून तूर आणायला ट्रक नव्हता, पोती उचलायला हमाल नव्हते. मिल आपोआप बसली, रोजी गेली. तेवढ्यात इतवारीतल्या एका किराणा दुकानदाराचा निरोप आला, पोरं कामावर येत नाहीत, तू येतो काय? त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर लोक म्हणतील, तो एकटाच तसा होता.

इतवारी नागपूरकराला सांगायला नको. सराफ ओळ, भांडे ओळ, मस्कासाथ. गावोगावच्या दुकानांना इथून माल जातो. म्हणजे माल होता. हे आधी लक्षात ठेवा मित्रहो. मी स्वतः पाठीवर वाहिला आहे.

माझं काम लाईन सांभाळायचं. रस्त्यावर चुन्याचे गोल, गोलात माणूस, दुकानाच्या तोंडाशी आडवी दोरी, दोरीच्या आत मी. पोलिसांची गाडी आली की काठी पडायची, लाईन मोडायची. गाडी गेली की गोल पुन्हा भरायचे. गोलात उभे राहणारे कोण? हमाल. पोह्याची गाडी लावणारे. मागावरचे कोष्टी, मोमिनपुऱ्याचे मोमीन. धुणीभांडी करणाऱ्या बाया. रोज कमवायचं, रोज संध्याकाळी किराणा घ्यायचा. वीसचं तेल, दहाची चहापत्ती. यांच्या घरात महिन्याचा डबा कधी भरलेलाच नसतो. टीव्ही सांगत होता, घाबरून साठा करू नका. साठा करायला खिशात पैसे लागतात हे टीव्हीला कोण सांगणार?

दुसरं गिऱ्हाईक दिसतच नव्हतं. ते मोबाईलवर होतं. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाईन्स. त्यांची यादी यायची. तूर डाळ दहा किलो, तेलाचा पंधरा किलोचा पिपा, काजू अर्धा किलो. सकाळपासून मागच्या खोलीत याद्या बांधल्या जायच्या. काचेवर पास चिकटवलेली गाडी यायची, भरून जायची. तोवर लाईनीला सांगायचं, थांबा. दुपारी सांगायचं, तूर खतम. तूर खतम नव्हती. अकरा पोती आत होती, मीच रचलेली. आणि आणखी एक गंमत. यादीवाल्याला छापील बिल, लाईनवाल्याला तोंडी भाव. तोंडी भाव रोज वेगळा, आणि बिलापेक्षा कधीच कमी नाही.

एक बाई आली, आमच्या पाचपावलीकडचीच. हातात वीसची नोट.

"भाऊ, वीसचं तेल देजो."

सेठ आतून ओरडला, "खुला तेल बंद है. पाउच लेना है तो लो."

वीसच्या नोटेत पाऊच येत नाही. बाई भांडली नाही. माझ्याकडं पाहून म्हणाली, "मंग दोन घंटे उनात काहून उभं ठेवलं बावा?"

ती सेठला विचारत नव्हती. मला विचारत होती. दोरी माझ्या हातात होती ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागली. दुकानात एक म्हातारे हमालकाका होते. त्यांनी खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि म्हणाले, "पह्यले लाईन, मंग गाडी." मीही हातातलं पोतं ठेवलं. सेठ तापला. कल से मत आना, म्हणाला. पण उद्या यायला तिसरा माणूस नव्हता. हे त्यालाही माहीत होतं, आम्हालाही. अर्ध्या तासात ठरलं. दहा वाजेपर्यंत फक्त लाईन. यादी असो की लाईन, माणशी एकच किलो तूर. भाव पुठ्ठ्यावर लिहून बाहेर टांगायचे. पिपा फोडून सुटं तेल मापानं द्यायचं. जुन्या गिऱ्हाइकाची उधारीची वही पुन्हा उघडायची. पुठ्ठा मी लिहिला. आमची त्या दिवसाची रोजी कापली गेली. कापू दे.

सेठ राक्षस नव्हता. साठीचा माणूस, साखरेची बिमारी, तरी रोज शटर उघडत होता. भीत होता. नोटा स्टीलच्या ताटात ठेवायला लावायचा, वरून सॅनिटायझर मारायचा. मी घरी सांगितलं तर आजी हसली. तिच्या लहानपणी खेड्यातला दुकानदार पैसे ओट्यावर ठेवायला लावी, वरून पाणी शिंपडी आणि मीठ उंचावरून पदरात टाके. आजी म्हणाली, "तवा कोनता रोग होता रे?" रोगाचं अंतर खरं होतं, ते पाळलंच पाहिजे होतं. मी स्वतः पाळायला लावलं. पण त्याला 'सामाजिक अंतर' म्हणायची काय गरज होती? जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती. आमच्याकडं जुना शब्द जिभेवर तयारच होता.

१३ एप्रिलला लाईनीत ज्याला त्याला पाव किलो साखर आणि मेणबत्त्या पाहिजे होत्या. सेठनं विचारलं, "आज क्या है?" उद्या जयंती, घरातच करायची, मी म्हटलं. उभा जन्म पाचपावलीच्या शेजारी धंदा करून माणसाला चौदा एप्रिल माहीत नाही.

त्याच महिन्यात सतरंजीपुरा सील झाला. आमच्या लाईनीतले कितीतरी चेहरे एका रात्रीत गेले. त्यांना फोनवर यादी द्यायची सवय नव्हती, म्हणून त्यांची यादी आलीच नाही. मग वस्तीतल्या पोरांनी तोंडी याद्या सांगितल्या, मी वहीत उतरवल्या. मीठ, तिखट, तेल. सरकारनं २६ मार्चला जाहीर केलं होतं, राशन कार्डावर माणशी पाच किलो धान्य फुकट, कुटुंबाला एक किलो डाळ. चांगलं केलं. पण नुसता तांदूळ गिळता येत नाही. तेल-तिखट किराण्यातूनच येतं. आणि ज्याला कार्डच नाही त्याला तांदूळही नाही.

आता वरचं ऐका. व्यापाऱ्यानं किती साठा करायचा यावर सरकारला मर्यादा घालता यावी म्हणून १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. ५ जून २०२० ला, लोक अजून गोलात उभे असताना, दिल्लीनं वटहुकूम काढला. धान्य, डाळी, तेल यांचा किरकोळ भाव दीडपट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा नाही. म्हणजे शंभराची डाळ दीडशे होईपर्यंत सरकार हात बांधून पाहणार. वीसच्या नोटेचं काय होईल तोवर? शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनं तो कायदा मागे घेतला.

मी पुन्हा डाळ मिलमध्ये आहे. पण बंद पुन्हा येईल. रोग येईल, पूर येईल, कर्फ्यू लागेल. तेव्हा दुकानाच्या दोरीशी आपल्यातलाच कोणी पोरगा उभा असेल, कारण त्या जागी सेठ कधी उभा राहत नाही. त्या पोरासाठी हे लिहिलं. भाव बाहेर लिही. माप सगळ्यांना एक ठेव. सुटं तेल बंद होऊ देऊ नको. आणि मागच्या दारी गाडी लागली तर पोतं खाली ठेव. एकटा ठेवू नको, दोघं मिळून ठेवा.